कवितेची मात्रा, औषधाची मात्रा

प्रिय शालू,

सहाणेवर मात्रा उगाळतानाचा तुझा तो खर्र खर्र आवाज आज दुपारी ओटीवर बसल्या बसल्या कानात आला. कुणाचं तान्हं खोकायला लागलं की त्याची आई तुझ्याकडे यायची. तू उगाळत असायचीस आणि मी बाजूला बसून कवितेच्या ओळींतल्या मात्रा मोजत असायचो. "तुमची चुकली तर ओळ लंगडेल, माझी चुकली तर पोर," असं म्हणायचीस. आठवतं?

लिहायला बसलो ते सायलीपायी. आपल्या प्रकाशची सायली बी. फार्म. झाली, शालू.

परवा चौलला आली तेव्हा मी विचारलं, "मग आता नाक्यावर औषधांचं दुकान टाकणार ना?"

"आजोबा, तुम्हीपण? फार्मसी म्हणजे दुकानच वाटतं सगळ्यांना."

मग सांगत बसली. कुणी कंपनीत औषध बनवतं, कुणी तपासतं, कुणी रुग्णालयात असतं. औषध बाजारात गेल्यावर ते कुणाला बाधलं का, यावर नजर ठेवणंही कुणाचं तरी काम असतं. एक गोळी म्हणे अशी असते, की पोटात तशीच्या तशी राहते आणि आतड्यात पोचल्यावरच विरघळते. तिला कसं गं कळतं, आपलं ठिकाण आलं म्हणून? मी तर चहा प्यायचाच विसरलो.

तिला पुढे एम. फार्म. करायचंय, लहान मुलांच्या औषधांवर. अजूनही मोठ्यांच्या गोळीचे तुकडे करून पोरांना देतात, तुकडा लहानमोठा झाला की मात्रा चुकते, म्हणाली. मात्रा! तुझाच शब्द, आणि माझाही.

पण प्रकाश ऐकत नाही. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवून त्यानं पोरीला शिकवलं, हे खरंच. "कंपनीवाले नोकरी देतायत ना? मग अजून किती शिकायचं?" म्हणतो. प्रवेश घ्यायचा तर उद्याच घ्यायला हवा, आणि हा माझा फोनही उचलत नाही. तू असतीस तर दोन वाक्यांत त्याला गप्प केलं असतंस. आत्ताच कशाला जायचं होतं तुला?

असो. उद्या पहिल्या एसटीनं मी त्याच्याकडे जातो. गुडघे दुखोत नाहीतर काही होवो, सायलीचा प्रवेश झाल्याशिवाय परत यायचा नाही. हा शब्द तुला.

तुझाच,
वसंत

सही केली आणि दार वाजलं. बघतो तर प्रकाश. चप्पलही न काढता उंबऱ्यातच उभा राहिला.

"बाबा, वसतिगृहात गादी आपली आपणच न्यायची असते म्हणे. आईची ती कापसाची आहे का अजून?"