इराचं नाव तेवढं वगळलं

९ ऑगस्ट
दुपारी अनोळखी नंबर. दोनदा उचललाच नाही, हल्ली सगळे विमेवाले. तिसऱ्यांदा उचलला तर इरा. "आई, आय अ‍ॅम फाइन. मला अरेस्ट केलंय." एका दमात दोन्ही. मी विचारलं, जेवलीस का. 

शेजारच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जिथे ती शिकवते, तिथल्या सरकारी ऑफिसात इरासकट बाराजण खाली बसले. उठा म्हटलं, उठले नाहीत. तिच्या शाळेजवळचं मतदान केंद्र बंद केलंय. वस्ती बहुतेक ब्लॅक लोकांची, पुष्कळांकडे गाडी नाही, आणि नवं केंद्र पार हायवेपलीकडे. दोन महिने जेवताना हेच सांगत होती. आम्ही ऐकत होतो, म्हणजे माना हलवत होतो. आमच्या दोघांच्या मतपत्रिका पोस्टाने घरी येतात. पासष्टीपुढच्यांची सोय.

माझ्या नवऱ्याने, अरुणने, चाळीस वर्षं हार्टचे पेशंट तपासले, लोकांना वाईट बातम्या दिल्या. आज स्वतःला मिळाली तर बूट कुठे काढलेत ते आठवेना. शेवटी अरुण चपला घालून वकिलाकडे गेला.

१० ऑगस्ट
सोडलं. आणायला गेलो. गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर वाफ, काही दिसेना. डिनीसची आई नातवाला घेऊन उन्हात उभी होती. डिनीस इराच्याच शाळेत गणित शिकवते, इरा इतिहास. दोघी बरोबरच बाहेर आल्या. इरा आधी डिनीसच्या आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या. वाईट वाटायला हवं होतं. नुसतं लक्षात आलं.

गाडीत अरुणचं लेक्चर. शिक्षा झाली तर शिक्षकाचं लायसन्स जाईल, मग काय करणार वगैरे. इरा म्हणाली, त्यांचं ठरलंय. सरकारी वकील एकेकाला गाठून, गुन्हा कबूल कर, शिक्षा कमी करतो, अशी तडजोड करायला बघेल, कोणी एकट्याने घ्यायची नाही. "ऑल ट्वेल्व्ह ऑर नन, बाबा." बाबांनी इंडिकेटर न देताच लेन बदलली.

१४ ऑगस्ट
शाळेने दोघींना घरी बसवलंय, केसचं काय ते ठरेपर्यंत. इरा तिच्या अपार्टमेंटवर.
मी भेंडी पुसली, चिरली, केली. झोप लागते, भूक लागते. रडू नाही. अरुण म्हणतो हा शॉक, उतरेल हळूहळू. डॉक्टर लोकांना सगळंच उतरणारं वाटतं.

१९ ऑगस्ट
अरुण सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडला. कुठे विचारलं तर "आलोच".

आला तो शीळ घालत. हॅटवाल्याला भेटून आला. काउंटीतला बडा अधिकारी, ज्याच्या ऑफिसात ही मंडळी बसली होती तोच. कायम काउबॉय हॅट, म्हणून आमच्या घरात हॅटवाला. त्याची ब्लॉक झालेली शीर अरुणनेच उघडली होती. तेव्हापासून दर ख्रिसमसला त्याच्याकडून भलामोठा हॅम, म्हणजे डुकराचं मांस, येतो आणि आम्ही तो शेजाऱ्यांना देतो.

काय बोललास, विचारलं. "काही नाही गं. माझी मुलगी आहे म्हटलं. बघा जरा."

बघा जरा. टेलिफोनचा नंबर लवकर लागावा म्हणून माझे वडील हेच म्हणाले होते, अरुणला होस्टेलची खोली मिळावी म्हणून त्याचे वडील. इथे येऊन आम्ही काटे-चमचे धरायला शिकलो, बर्फात गाडी चालवायला शिकलो. हे काही सुटलं नाही. चिडून बोलायला हवं होतं. चहा केला दोघांना.

इराला सांगायचं नाही असं ठरलं. म्हणजे त्याने ठरवलं, मी काही बोलले नाही.

२६ ऑगस्ट
इराच्या वकिलाचा फोन. तिच्यावरचा आरोप मागे घेतला. फक्त तिच्यावरचा. बाकी अकराजणांची केस चालू.

अरुण म्हणाला शिरा कर. केला. रवा छान भाजला गेला.

इरा आली ती दारातच थांबली. "बाबा, डिड यू टॉक टू समवन?" त्याने सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला आता वाटतच नव्हतं, उलट ऐट होती आवाजात. ती इंग्रजीत सुरू झाली आणि मग मराठीत आली, आम्हाला नीट कळावं म्हणून, एकेक शब्द शोधत. "बाबा, तिथे काही लोकांचं ऐकतात आणि काहींचं ऐकत नाहीत. म्हणून आम्ही बसलो होतो. आणि तुम्ही गेलात, आणि तुमचं ऐकलं."

अरुण म्हणाला, तुझ्यासाठीच केलं ना.

"डिनीसला वाटतंय मी डील घेतली."

गेली. आत आलीच नाही. अरुणने ओट्यापाशी उभ्याउभ्या वाटीभर शिरा खाल्ला.

३० ऑगस्ट
मंडळाची गणपतीची मीटिंग, सुलभाताईंकडे. शुगर लँडभर, म्हणजे आमच्या गावभर, बातमी पोचलेली. सुलभाताई म्हणाल्या, "सोडवलंत हो लेकीला. बाप असावा तर असा." एक काका म्हणाले, या मुलांना काय कळतंय, दुसऱ्यांची भांडणं. बाकीच्या अकराजणांचं काय झालं हे कोणी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. मग मोदकांची ऑर्डर.

परतताना अरुण म्हणाला, बघ, सगळ्यांना पटलंय. मला पटलं का ते विचारलं नाही. विचारलं असतं तर? वकिलाचा फोन आला तेव्हा मला आधी हायसंच वाटलं होतं. लिहून ठेवते, नंतर नाही म्हणायला नको.

४ सप्टेंबर
शाळेने इराला परत बोलावलं. डिनीसला नाही. इरा गेली नाही, बिनपगारी रजा टाकली. आरोप परत लावा असं सरकारी वकिलाला सांगा म्हणून तिने तिच्या वकिलाच्या मागे धोशा लावला. तो हसला म्हणे, अशी काही सोय नसते.

फोनवर विचारलं, डिनीस बोलते का. "शी इज व्हेरी पोलाइट टू मी, आई."

 मी तिला सांगितलं, फ्रीजरमधे तुझ्यासाठी आमटी काढून ठेवलीय.

अरुण दोन दिवस टीव्ही लावतो आणि बघत नाही. आज मधेच म्हणाला, मी चुकीचं काय केलं ते सांग. मी म्हटलं, तुझं तू बघ. मग वाटलं, सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर आधी बोलायला हवं होतं, १९ तारखेलाच.

१२ सप्टेंबर
उद्या अकराजणांची तारीख. इरा जाणार आहे. आम्हाला मेसेज: प्लीज डोन्ट कम.
मी जाणार. अरुणने विचारलं, कशाला? माहीत नाही. एकदा तरी बघावं.

१३ सप्टेंबर
कोर्टाच्या पार्किंगमधे, गाडीत. एसी लावून. अक्षर वाकडं येतंय.

मी शेवटच्या बाकावर बसले होते. इरा पुढे, बघ्यांच्या बाकांवर, एकटीच. नावं पुकारायला लागले तसे एकेकजण उभे राहिले. डिनीस सातवी की आठवी. अकरा झाले आणि इरा उठली. न पुकारता.

जज बाई. म्हणाल्या, मिस, तुमचं नाव यात नाही, बसा. इरा म्हणाली, "इट शुड बी, युअर ऑनर." परत म्हणाल्या, बसा. तिसऱ्यांदाही नीटच बोलल्या, हे खरं सांगायला हवं. इरा उभीच. डिनीसने वळून तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ. जजनी सांगितलं तरी मान पुढे वळवली नाही.

मग कोर्टातला पोलीस आला, इराचा दंड धरला आणि बाजूच्या दाराने आत घेऊन गेला. दार लागल्याचा आवाज झाला. ते हायसं सोडलं तर महिनाभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं. भीती. फक्त भीती, दुसरं काही नाही.

क्लार्कच्या खिडकीपाशी विचारलं. कोर्टाचा अवमान. सोडायचं की आत ठेवायचं ते जज चारनंतर बघतील. आत ठेवलं तर तिच्या नोंदीवर येणार. लायसन्सचं काय, विचारलं. ते इथे नाही सांगता येत, मॅम.

अरुणला कळवावं लागलं. लगेच उत्तर: हॅटवाला आज ऑफिसात आहे. करू फोन? तू फक्त हो म्हण.

या वेळी विचारतोय.

डिनीस आत्ता बाहेर आली. आई आणि मुलगा बरोबर. त्यांची केस पुढे ढकलली असावी. गाडीकडे गेली नाही. पायऱ्यांवरच बसली, दाराकडे तोंड करून. इरासाठी थांबलीय.

साडेतीन झाले. अरुणचे आणखी दोन मेसेज. मी "हो" टाइप केलंय. अजून पाठवलेलं नाही.