पुढच्या दाराचा उतार

४ नोव्हें.
जळोचीच्या नव्या घराचं चित्र आज इंजिनियरनं मोबाईलवर दाखवलं. झकास दिसतंय. पुढं खांब, ग्रॅनाईटच्या उंच पायऱ्या. विचारलं, माझी चाकाची खुर्ची कुठनं चढणार? सासरे, म्हणजे तात्या, म्हणाले, "तुझ्यासाठी मागनं उतार हाय की. मोरीशेजारनं."
सगळ्यांनी चहा घेतला. मी नाही.

५ नोव्हें.
अपघातापासून इंदापूरच्या या घरात उंबऱ्याच्या आतच. बाहेर जायचं तर दोघांनी पोत्यासारखं उचलायचं. तिकडं मोरीशेजारनं. मग नवं कशाला म्हणायचं त्याला?

८ नोव्हें.
खडूनं इथल्याच भिंतीवर नव्या ओट्याची उंची आखली. बसल्या बसल्या हात पुरेल अशी. खाली मोकळं, गुडघे आत जातील. स्विच खाली, दारं रुंद. यांना सगळं पटलं. पण पायऱ्यांचं काढलं की...
"तात्यांना नको बोलू. पाव्हणे येत्यात. घरापुढं उतार म्हंजे दवाखाना वाटल."
म्हटलं, "दवाखान्यात मला पुढच्या दारानं तरी घेत्यात."


१५ नोव्हें.
मोठ्या दाराची चौकट बसली. पूजा थोरल्या सुनेनं करायची, म्हणजे मी. जोतं उंच, पायऱ्या अजून व्हायच्यात. यांनी आणि भाऊजींनी खुर्चीला हात घातला. मी ब्रेक लावला.
"उचलायचं न्हाय."
तात्या म्हणाले, "मुहूर्त चाललाय, सुमन."
"जाऊ द्या. मी हितंच बसते."
भावकी बघतेय. भटजी घड्याळ बघतायत. गवंडी विष्णूभाऊंना म्हटलं, त्या पडलेल्या फळ्या जोत्याला तिरप्या टाका. ते तात्यांकडं बघायला लागले. मग सासूबाई, ज्या तात्यांपुढं कधी बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "टाक रं."
फळ्यांवरनं माझी मी चढले. मधे चाक घसरलं. कुणाला हात लावू दिला नाही. चौकटीला हळदकुंकू लावलं. वर हात पुरला नाही, पुरला तिथवर लावलं.

१६ नोव्हें.
तात्या बोलत नाहीत. सासूबाईंशी पण. त्यांना वाईट वाटत असेल का? विचारलं तर म्हणाल्या, "भाकरी खा."

२१ नोव्हें.
मी बांधकामावर गेले. तात्या आले. सहा दिवसांनी पहिला शब्द.
"उतार कुठवर येईल?"
"फाटकापर्यंत."
"मग गाडी कुठं लावायची?"
"भाईर. गाडी भिजली तर काय हुतंय."
फाटकाकडं बघितलं. मग निघून गेले. ना हो, ना नाही.
विष्णूभाऊ म्हणाले, "वैनी, उद्या काय करू? पायऱ्या का उतार?"
म्हटलं, "फाटकापर्यंत उताराच्या आखणीची दोरी बांधा. तात्यांनी सोडली तर परत बांधा."