देवश्री कुणाशी बोलते

प्रिय संपदा,

फोनवर हे सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि मला सलग सांगायचं आहे.

दुर्गाघाटावरचं आमचं घर तू लग्नात पाहिलंस तेवढंच. आत शिरलं की चौक आणि वरच्या मजल्याच्या जमिनीत चौकाच्याच मापाची लोखंडी जाळी. उजेड खाली येतो तो तिच्यातून. दुपारी विश्वेश रामघाटावर पाठशाळेत शिकवायला जातो, निनाद जेवून वरच्या खोलीत झोपतो आणि मी देवश्रीला चौकात चटईवर ठेवून स्वयंपाकघर आवरते.

निनाद सहा वर्षांचा झाला तरी बोलत नाही, हे तू जाणतेस. त्याचा ऑटिझम कळला तेव्हाच डॉक्टर सुमेधा म्हणाल्या होत्या, "पाठचं भावंड झालं तर पहिल्यापासून लक्ष ठेवा. डोळ्यांत बघतं का, हाकेला वळतं का, तुम्ही हसलात तर हसतं का." म्हणून देवश्री झाली तशी मी तिच्या चेहऱ्याकडेच बघत बसले. दूध पिताना ती माझ्या कानापलीकडे कुठंतरी बघायची. हाक मारली तर वळायची नाही. वाटी पडली की मात्र दचकायची, म्हणजे ऐकू नीट येत होतं. मी हसून हसून थकायचे; तिचा चेहरा कोरा.

मग उन्हाळा लागताना एका दुपारी मी भांडी घासत होते आणि चौकातून तिचा आवाज आला. "अब्बू." मग शांतता. मग "अब्बू-ब्बू" आणि खुदकन हसणं. पुन्हा शांतता. संपदा, ती नुसती बडबड नव्हती. कुणीतरी बोलतंय, ही ऐकून घेतेय आणि मग उत्तर देतेय, अशी ती शांतता होती. मी ओल्या हातांनीच बाहेर आले. ती पाठीवर पडून वर बघत होती. दोन्ही हात उचललेले, कुणी घ्यायला वाकलंय असे. तोंडावर जे हसू होतं ते मला कधीच मिळालं नव्हतं. वर जाळीवर कुणी नव्हतं. माझी चाहूल लागली तसं ते हसू विझलं.

माकड असेल म्हणून मी मनाची समजूत घातली. पण गच्चीचं दार बंद, माकड येईल कुठून? आणि हे रोज व्हायला लागलं. शेजारच्या शरदिनीकाकूंनी एकदा ऐकलं नि उंबऱ्यातच थबकल्या. "या चौकात बुजवलेली विहीर आहे गं. कुणाचं तरी लेकरू गेलं होतं तिच्यात. बच्चों को दिखता है," इकडच्या सवयीनं निम्मं हिंदीत म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी काळा दोरा घेऊन आल्या. मी म्हटलं, "काकू, पण ही खाली नाही, वर बघते." त्यावर त्यांनी दोरा माझ्या हातात कोंबला नि वर न बघताच निघून गेल्या, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी शिकलेली बाई, पण तेव्हापासून चौक ओलांडताना मान वर करेनाशी झाले.

एकदा वरूनही आवाज आला. टक्. टक्-टक्. लोखंडावर नख वाजवावं तसा. मी धावत जाऊन देवश्रीला उचललं, तर ती माझ्या खांद्यावरून मागे झेपावून जाळीकडे हात करत रडायला लागली. माझ्यासाठी ती कधी अशी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बांगड्या काढून ठेवल्या आणि अनवाणी जाऊन तिच्या शेजारी पाठीवर पडले. ती जिथं बघते तिथंच बघायचं ठरवलं होतं. बराच वेळ नुसते लोखंडाचे चौकोन. जाळीच्या कडेला अंधार असतो. त्या अंधारात हळूहळू एक गाल दिसला आणि मग एक डोळा. डोळा लवत नव्हता.

निनाद होता. पालथा पडून गाल लोखंडाला लावलेला. त्यानं टक् केलं. ही म्हणाली, "अब्बू." तो थांबला, तिचं होऊ दिलं, मग टक्-टक्. माझं पाऊल वाजलं की रोज तो मागे सरकत होता.

मला आधी आनंद नाही झाला गं. माझ्याच घरात एक बोलणं चाललं होतं आणि मी आले की ते बंद व्हायचं. ज्या नजरेसाठी मी त्याच्यापुढं गुडघे टेकून बसायचे, ती तिथं वर होती, आणि माझ्यासाठी नव्हती. मी फरशीवर नख वाजवलं. डोळा माझ्याकडे वळला आणि तिथंच राहिला. खूप वेळानं वरून एकच टक् आलं.

डॉक्टर म्हणाल्या, "देवश्रीवर आत्ताच शिक्का मारायचा नाही, पण वाट बघत बसायचंही नाही." आता आम्ही तिघं रोज त्यांनी सांगितलेले खेळ खेळतो. गेल्या आठवड्यात देवश्रीनं वर बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वर. 'दिसला ना?' असं विचारल्यासारखं. नजरेची ही ये-जाच त्या शोधत होत्या. पुढचं त्यांनाही सांगता येत नाही. आणि एक सांगू? अजूनही कधी निनाद माझ्या शेजारी बसलेला असतो, तरी ती रिकाम्या जाळीकडे बघून थबकते, आणि तोही तिकडे मान वळवतो. मी आता वर जाऊन बघत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा व्हिडिओ कॉलवर केयूरला मांडीवर घेऊन तू "मावशी बघ, मावशी" करत होतीस. मी त्याच्याकडे बघत होते. तू पुन्हा पुन्हा हाक मारलीस, तो वळला नाही. तू हनुवटी धरून त्याचा चेहरा फिरवलास, तरी डोळे मागेच राहिले. "किती गुणी आहे, रडतसुद्धा नाही," म्हणालीस. निनाद तान्हा असताना आई अगदी हेच म्हणायची. मी डॉक्टर नाही, माझं चुकलं तर मीच पेढे वाटीन. तुझा कुशल म्हणेल, मुलगे उशिराच बोलतात. म्हणू दे. तू तिथल्या डॉक्टरांची वेळ घे, मी गाडी पकडून येते. हवं तर माझ्यावर चीड, महिनाभर फोन उचलू नकोस, पण आधी वेळ घे.

तुझीच,
वैदेहीताई