बोल्टखालचा रंग

१२ मार्च

प्रिय दादा,

इतके महिने लिहिलं नाही, माफ कर. बाबांच्या जुन्या गाडीचा ब्रेक दाबला की इंडिकेटर लुकलुकायचा. तू म्हणालास, "वायरिंग गेलंय, विकून टाकू. तू नसत्या उठाठेवी करू नकोस, बाई."

मी केल्या. वायरिंग धडधाकट होतं. तू हौसेने मारून घेतलेला नवा रंग अर्थिंगची तार पत्र्याला जोडणाऱ्या बोल्टखाली बसला होता; करंटला परतायला वाटच नव्हती. तेवढी जागा पत्रा दिसेपर्यंत खरवडली. सगळे दिवे नीट लागले.

तुला विचारायला हवं होतं का? खूप विचार केला. नव्हतं. गाडी विकू देणार नाही. हे पत्रही पाठवणार नाही. गाडीच घेऊन तुझ्या दारात येईन.

तुझी उपद्व्यापी बहीण

उद्या: खरवडलेल्या जागी गंज चढू नये म्हणून ग्रीस लावणे, रंग नव्हे.