गुरुवारचा बाजार आणि तारा

११ सप्टेंबर, गुरुवार

संत्रीवाली प्रयागबाई आज भर बाजारात कोसळली. संत्र्यांच्या ढिगावरच! मी आणि तारा समोर कोथिंबीर पाहत होतो. धप्पकन आवाज आला आणि संत्री रस्ताभर घरंगळली.

ऑटोत घालून डॉक्टरकडे नेलं. लघवीचा त्रास, अंगात ताप. डॉक्टर तिच्यावरच ओरडले — पाणी का पीत नाहीस? तर ही हसली! म्हणाली, "गुरवारी पानीच नाही पेत मी. सकाळी काटोलची बस धरली का थेट रात्री घरी जाईलोक नाही. पेलं तं जाव कुठी?"

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं.

तारानं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. किती वर्षं आम्ही दोघी पिशव्या घेऊन ह्या बाजारात जातो. भाव करतो, वरून मिरच्या मागतो. ह्या बाया सकाळपासून अंधार पडेपर्यंत बसून असतात — जातात कुठे? एकदाही डोक्यात आलं नाही. बाईमाणूस असून!

१४ सप्टेंबर, रविवार

तारा सकाळीच आली. चपला काढायच्या आधीच, "कौशल्या, आपण मुतारी मागायची."

वसंतराव पेपरच्या आडून हसले. "रिटायर झाल्यावर लोक काशीले जातात. आमच्या घरी मुतारी मागून राहिले."

"भाऊजी, तुम्ही कुठंही भिंत पाहून उभे राहता. तुमाले काय कळते!" — ताराच असं बोलू शकते त्यांना. मी लग्नाला इतकी वर्षं होऊन बोलले नाही.

अर्ज लिहायला बसलो. मी 'मुतारी' लिहिलं, तारानं खोडलं. 'महिलांसाठी स्वच्छतागृह' लिही म्हणे, नाहीतर साहेब अर्ज हातात धरणार नाही. खूप हसलो. ऑफिसमध्ये आयुष्यभर टिपणं लिहिली, पण असं मन लावून एकही नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बाजारात फिरून बायांना विचारलं. आधी लाजल्या, मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. ट्रान्सफॉर्मरच्या मागे जात. एकीनं लुगडं आडवं धरायचं, दुसरीनं बसायचं. मध्यंतरी कोणी टवाळानं मोबाईल काढला, तेव्हापासून तेही बंद. भेंडीवाली सहा महिन्यांची पोटुशी आहे. ती काय करत असेल?

प्रयागबाई जागेवर हजर! आराम कर म्हटलं तर म्हणते, "आराम केला तं माल सडते, ताई."

२३ सप्टेंबर, मंगळवार

महापालिकेच्या झोन ऑफिसला गेलो. साहेब जेवायला. साहेब मीटिंगला. साहेब साइटवर. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी आवाज चढवला — सगळं ऑफिस माना वर करून पाहायला लागलं. तारा माझा पदर ओढत होती. शेवटी अनिश नावाचा तरुण इंजिनिअर बाहेर आला. बिचारा चांगला आहे. म्हणाला, जागा दाखवा, मी येतो.

परत येताना तारा म्हणाली, "तू बोलली की मला भीती वाटते वं. समोरच्याले पाठ टेकवायला जागाच ठेवत नाहीस."

मी म्हटलं, जागा ठेवली की लोक तिथेच झोपतात!

२८ सप्टेंबर, रविवार

इंजिनिअर येऊन गेला. बाजाराच्या मैदानाचा कोपरा पसंत केला. ताराच्या घरासमोर येतो तो, पण तिनं हूं की चूं केलं नाही. उलट पाण्याचं कनेक्शन कुठून घेता येईल ते तिनंच दाखवलं.

वॉर्डातले पुढारी दुर्गेशभाऊही आले होते. बाजार त्यांच्याच शब्दावर चालतो — कोण कुठे बसणार, कोण उठणार, सगळं. निवडणूक केव्हाही लागेल, त्यामुळे हसू जरा जास्तच होतं. "मातोश्रींनो, हे काम माझं समजा!" फोटो काढले. फोटोत मी आणि तारा दोन बाजूंना, मध्ये ते, हात जोडून.

२ ऑक्टोबर, दसरा

मंजुरीचं नक्की म्हणे! अनिशचा फोन आला. रविवारी समाजभवनात लेआउटवाल्यांची, म्हणजे आमच्या सगळ्या वसाहतीची, बैठक घेऊन हरकती विचारायच्या, तेवढंच बाकी. सोनं द्यायला ताराकडे गेले तर ही जरा गप्प. डोकं दुखतं म्हणाली. दिवसभर पाहुणे होते, थकली असेल.

५ ऑक्टोबर, रविवार

लिहू कसं?

समाजभवन भरलं होतं. पंखे फिरत होते तरी घाम. हरकती येणार हे माहीतच होतं. आल्या. वास येईल. दारुडे जमतील. घरांची शोभा जाईल. एक जण तर म्हणाला, बाहेरगावच्या बायांसाठी आपण काहून सोसायचं? मी एकेकाला उत्तर देत होते. घसा कोरडा पडला, पण मला वाटलं जिंकून राहिलो आपण. मागे काही बाया माना हलवायला लागल्या होत्या.

मग दुर्गेशभाऊ म्हणाले, "ज्यांच्या घरासमोर होऊन राहिलं, त्यांचं काय म्हणणं आहे? ताराताई, तुम्ही सांगा."

मी निर्धास्त. मी तर हसून तिच्याकडे पाहिलं!

तारा उठली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "माझी हरकत आहे. आठवड्यातल्या एका दिवसासाठी रोजचा वास मी दारात घेणार नाही. हा विषय इथंच बंद करा."

टाळ्या वाजल्या. टाळ्या!

मी ओरडले, "तारा, काय बोलून राहिली तू?" ती खाली बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. अनिशनं कागद आवरले. दुर्गेशभाऊंनी चहा सांगितला.

मी एकटी चालत घरी आले. वसंतरावांनी दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि एकही विनोद केला नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोजागिरी. दर वर्षी ताराच्या गच्चीवर दूध आटतं. गेले नाही. घरी दूध तापवलं, नासलं. बरं झालं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

राहवलं नाही. गेले तिच्याकडे. फाटकातच उभी राहिले, आत ये म्हटलं तरी गेले नाही.

"काहून केलं असं?"

"जाऊ दे ना, कौशल्या."

"कोणी दम दिला? घरचे काही बोलले?"

"कोणी काही नाही बोललं. मला नको होतं, मी नाही म्हटलं."

"मग मुतारी मागायची असं आधी कोण म्हणालं? पाइप कोणी दाखवला इंजिनिअरला?"

डोळे भरले होते तिचे. मला अजून संताप आला — करून सवरून वर रडायचं! मी म्हटलं, "तू आधीच नाही म्हटलं असतं तर मी काही बोलले नसते. चारचौघांत माझा गळा कापलास." आणि हेही म्हटलं — "त्या बायांची हाय लागेल तुला."

हे शेवटचं म्हणायला नको होतं का? का नको! खरंच आहे ते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

बाजारात गेले. वाटलं, ह्या बाया तरी माझ्या बाजूनं उभ्या राहतील. मोर्चाच काढू झोन ऑफिसवर! भेंडीवालीनं मान फिरवली. कांदेवाली गिऱ्हाईक नसताना काटा पुसत बसली. प्रयागबाईजवळ गेले तर तीही तेच — "जाऊ द्या ना, ताई. आमाले सवय हाय."

"अगं, मरशील अशानं!"

"तुमी घरी जा. ऊन लागन तुमाले."

मला म्हणाली घरी जा! मला! जिचं डोकं मांडीवर घेऊन मी तिला दवाखान्यात नेलं तिनं!

वसंतराव म्हणतात, तू त्यांच्यासाठी केलं ना, मग त्यांना नको तर सोड. असं सुटत असतं का? मी केलं कोणासाठी मग? सगळा लेआउट मला हसून राहिला आहे. सकाळी फिरायला निघाले की बाकावरची मंडळी बोलणं थांबवतात. काल एक जण म्हणालाच, "काय कौशल्याताई, उद्घाटन केव्हा?"

आता ह्या बाजारात पाय ठेवणार नाही. दारावर भाजीचा गाडीवाला येतो, त्याच्याकडून घेईन. शिळी तर शिळी.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

महिला मंडळाच्या ग्रुपवरून ताराचं नाव काढलं. अध्यक्ष मीच आहे. कोणी काही विचारलं नाही. आधी बरं वाटलं, मग दिवसभर फोन उघडून ग्रुपच पाहत बसले.

२२ ऑक्टोबर, पाडवा

ताराची सून फराळाचं ताट घेऊन आली. वरून क्रोशाचा रुमाल. अनारसे दिसत होते — तारा माझ्यासाठीच करते, तिच्या घरी कोणी खात नाही.

मी ताट दारातूनच परत पाठवलं. "सासूबाईंना सांग, आम्हाला गोड चालत नाही आता."

पोरगी कावरीबावरी झाली. "काकू, आई सकाळपासून करून राहिल्या होत्या..."

दार लावून घेतलं.

संध्याकाळी वसंतरावांनी आकाशकंदील लावला. मग म्हणाले, "मुतारीसाठी एवढं?" मुतारीसाठी नाही हो. माणूस ओळखू आलं नाही म्हणून! माझ्या बाळंतपणात जी रात्रंदिवस उशाशी बसली, माझी आई गेली तेव्हा जिनं माझ्या घरची चूल पेटवली — ती बाई स्वतःच्या दारात वास नको म्हणून उठून उभी राहते? मग इतकी वर्षं मी कोणाशी बोलत होते?

४ नोव्हेंबर, मंगळवार

किराणा दुकानात समोरासमोर आलो. तारा फिनेलच्या बाटल्या घेत होती, पिशवीभर. वाळली आहे. हात लालसर, सालपटं निघालेली. वाटलं विचारावं. नाही विचारलं. ती म्हणाली, "बरी आहेस?" मी दुकानदाराला म्हटलं, "रवा द्या अर्धा किलो."

पिशवीभर फिनेल! घराची एवढी स्वच्छता. वास नको ना बाईला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अनिशचा फोन. त्याची बदली झाली. म्हणाला, "मॅडम, वाईट वाटलं. तुमचं काम व्हायला पाहिजे होतं." सगळ्यात परका माणूस, आणि तेवढाच एक बोलला.

फोन ठेवून रडले. पहिल्यांदाच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गाडीवाला आला नाही. शेवटी बाजारात गेले. प्रयागबाई जागेवर नव्हती. पाहते तर ताराच्या घरामागच्या गल्लीतून आली, ओले हात पदराला पुसत. मागून भेंडीवाली, पोट सावरत. मला पाहून दोघी थबकल्या.

"तू ताराकडे काय करत होतीस?"

प्रयागबाईनं इकडे तिकडे पाहिलं. "तिच्या घरचं मागचं संडास-बाथरूम आमाले खुलं हाय, ताई. दर गुरवारी. कोनाले नाही सांगत आमी. धुते बी ताराबाईच."

"अन् बैठकीत नाही म्हणाली ती?"

"मीच तिले तसं म्हनाले लावलं. दसऱ्याच्या सकाळी दुर्गेशभाऊनं आमाले दम देल्ला — लेआउटवाले नाराज हायेत, मुतारी पाहिजे तं बाजारच उचलतो, रिंगरोडच्या पल्याड टाकतो. त्या माळावर कोन येते संत्रं घ्याले? ताराबाईच्या पाया पडलो आमी."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी उगी राहल्या असत्या?"

गल्लीत गेले. फाटक उघडं होतं. आत खराटा चालल्याचा आवाज. तारा आतूनच ओरडली, "कोण आहे? पाणी संपलं, मोटर लाव वं जरा!"

कोण उभं आहे ते तिला माहीत नव्हतं.

मी मोटर लावली.