काक रोहानांना विचारलेला प्रश्न

मंगळवार, संध्याकाळ. तुआस, साइटजवळची खोली.

जेवण गेलं नाही. काक रोहानांना तो व्हिडिओ दाखवायलाच नको होता. काक म्हणजे मलय भाषेत ताई. त्या आमच्या सेफ्टी सुपरवायझर, हिजाबवर हेल्मेट घालतात. रोज सकाळी रांगेत प्रत्येकाच्या हेल्मेटचा पट्टा स्वतः ओढून पाहतात.

व्हिडिओत एक गोरा वक्ता सांगत होता की मुसलमान बायकांना घरात कोंडतात, त्यांना स्वतःचं मत नसतं. मला ते पटलं. दुपारी चहाच्या वेळी तो त्यांना दाखवला आणि काळजीने विचारलं, "काक, घरचे तुम्हाला कामावर येऊ देतात?" काळजीच होती ना ती?

त्या हसल्या. "नवऱ्याला मीच उठवून कामाला पाठवते, लाह!" हसताना त्यांच्या वाक्याच्या शेवटी हे 'लाह' चिकटतंच. मग हसू गेलं. "काही जणींना जाच होतो, ते खोटं नाही. पण हा माणूस एवढा वेळ आमच्याबद्दल बोलला, एकीला तरी बोलू दिलं का? आणि संदीप, तुझी आई कोणाला न विचारता बाहेर पडते?"

आई बाजारात जातानाही बाबांना विचारते. हे मला आजवर खटकलं कसं नाही?

नंतर काम सुटेपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. उद्या माझा पट्टा न ओढताच पुढे गेल्या तर?

आत्ता पट्टा घट्ट करून पाहिला. मग बोटभर सैल केला. म्हणजे त्यांना थांबावंच लागेल. थांबल्या, तर या वेळी त्यांनाच बोलू देईन.