न्यायाधीशाचा डावा हात

बाई,

त्या दिवशी फी न भरलेल्या मुली वर्गात आल्या, त्या फळ्यावरच्या माझ्या चित्रामुळे, की तुम्ही दार उघडलंत म्हणून? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, घरातली पहिली पदवीधर होऊन मी डॉक्टरेटसाठी म्युनिकला आले, तरी मला याचं उत्तर देता येत नाही. मुख्याध्यापकांना मी पोळ्याच्या बैलासारखं सजवलं होतं, शिंगांना फीच्या पावत्या टांगून. वर्ग खदखदतोय, बाहेर उभ्या केलेल्या मुलीही खिडकीतून हसताहेत, आणि चित्रकलेच्या तासाला तुम्ही आत येता. "झालं हसून? मग त्या अजून उन्हात का?" एवढं बोलून तुम्ही दार उघडलंत. चित्र मात्र तास संपेपर्यंत पुसू दिलं नाहीत.

इथे मी अठराव्या शतकातली इंग्रजी व्यंगचित्रं अभ्यासते, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. संग्रहालयात हात धुऊन, फक्त पेन्सिल घेऊन बसायचं. उलटलेली खुर्ची म्हणजे मोडलेलं घर, धन्याइतकाच लठ्ठ कुत्रा म्हणजे धन्याची हाव. एका चित्रात न्यायाधीश डाव्या हाताने लाच घेतो. आपल्याकडे देण्याघेण्याला डावा हात चालत नाही, म्हणून मी त्यावर पानंच्या पानं लिहिली. माझे प्राध्यापक मोठ्याने हसले. "अस्सं, फ्रॉयलाइन, बिचाऱ्याला डावखुरा केलंत! पत्र्यावर उजवाच कोरला होता. छापताना सगळं उलटं होतं." मग गंभीर होऊन म्हणाले, "खुणा काय आहेत तेवढं लिहा. ही चित्रं कशासाठी काढली, त्यांनी काय बदललं, ते प्रकरण काढून टाका. ते सिद्ध होणार नाही, आणि तसा प्रबंध मी पुढे पाठवणार नाही."

त्यांचं बरोबर असेल. पण तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. ट्राम मध्येच सोडते आणि युद्धात बॉम्बने पडलेल्या, आता नव्याने उभ्या राहणाऱ्या भिंतींच्या कडेने चालत सुटते. त्या काळी चित्रं विकणाऱ्या दुकानाच्या काचेपुढे ही चित्रं पाहून हसलेली माणसं घरी जाऊन काय करत होती, कुणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून 'कशासाठी' हे विचारायचंच नाही? कोरणाऱ्याला राग आला होता, बाई. तो रेषेरेषेत दिसतो.

डाव्या हाताची पानं मी फाडली. प्रकरण ठेवलं. आज सकाळी टाइप केलेली प्रत प्राध्यापकांच्या टेबलावर ठेवून आले, पहिल्याच ओळीत 'हे मला सिद्ध करता येत नाही' असं लिहून. प्रबंध अडला तर शिष्यवृत्ती बंद होईल, परत यावं लागेल. आईला अजून काहीच कळवलेलं नाही. भीती वाटते.